विमान जाईपर्यंत

मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने मला विमानाचं तिकीट काढून पाठवलं. मी ते रद्द करायला लावलं आणि कंबर धरत रेल्वेने गेले. त्याला वाटलं मी घाबरते. मग ती गोष्ट नातेवाइकांतही पसरली, की जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेली ही बाई विमानात बसायला घाबरते. मी घाबरत नाही. मला राग आहे. राग फार जुना झाला की लोकांना तो भीतीसारखा दिसायला लागतो, आणि प्रत्येकाला बसवून समजावून सांगण्याचा मला कंटाळा येतो. म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवते.

आमची वस्ती वर्धा रोडपासून आत, विमानतळाच्या भिंतीला पाठ लावून होती. मध्ये एक नाला आणि बाभळींची रांग, पलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे धावपट्टीचं टोक. हे सांगितलं की शहाणी माणसं लगेच विचारतात, 'मग तुम्ही विमानतळाशेजारी राहायला गेलातच कशाला?' या प्रश्नाने माझ्या अंगाची अजूनही आग होते. आम्ही कुठेही गेलो नव्हतो. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते याच जागेवर कुडाच्या घरात राहत होते, आणि दीक्षेहून परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते त्या कुडाला चुना लावायचं. तेव्हा भिंत नव्हती. दिवसातून एखादं पंख्याचं विमान यायचं आणि पोरं त्याला हात करायची. भिंत नंतर आली, मग ती सरकली, मग पुन्हा सरकली. शेजारी आम्ही गेलो नाही, तेच येत राहिले.

मी शाळेत जायला लागेपर्यंत मोठी विमानं सुरू झाली होती. आवाज येण्याआधी घराला कळायचं. मांडणीवरच्या जर्मनच्या ताटल्या थरथरायच्या, मग खिडकीची काच, आणि मग तो आवाज छपरावरून घर खरवडत जायचा. आई भाकर थापत असेल तर तिचा हात परातीवर थांबायचा. बाबा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालांचे मुकादम होते. सायकलवरून थकून यायचे, लाल भाजी आणि लसणाची चटणी पुढ्यात घेऊन बसायचे आणि दिवसभरातला एखादा किस्सा सांगायला लागायचे. मधे विमान आलं की घास हातात धरून तसेच बसायचे. ड्रायव्हरने शिवी दिली इथवर किस्सा आलेला असायचा आणि ती शिवी ऐकायला आम्ही सगळे छताकडे बघत बसलेलो. एवढासा किस्सा सांगून संपेपर्यंत भाकर थंड व्हायची. थंड भाकर खायची आम्हाला इतकी सवय झाली की मामाकडे उमरेडला गेले आणि कोणी तव्यावरची वाढली, की मला ती तोंडात धरवायची नाही.

या थांबण्याला वळण लावलं ते माझ्या आईने. ती वस्तीच्या विहारात बालवाडी चालवायची. सरकारी नव्हे, तिची स्वतःची. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण अख्ख्या वस्तीतली पोरं तिच्या हाताखालून गेली. सुरुवातीला विमान आलं की पोरं किंचाळायची, काही रडायची, आणि ती शांत होईपर्यंत दुसरं यायचं. मग आईने युक्ती काढली. ताटल्यांसारखीच विहारातली पितळी घंटा आधी कुणकुण करायची. ती ऐकली की आई उजवा तळहात वर करायची. पोरं ज्या शब्दावर असतील तिथे गप्प. विमान गेलं, हात खाली आला, की त्याच्या पुढच्याच शब्दापासून सुरू. सत्तावीसवर थांबलेली पोरं अठ्ठावीसवरच निघायची. अडीच वर्षांचं पोरगंसुद्धा चुकायचं नाही.

पोरांकडून ते घराघरात गेलं. विहारात वंदना चालू असताना सगळे एका सुरात थांबायचे आणि एका सुरात पुढे जायचे. लग्नात पंचशील घेताना नवरानवरी 'अदिन्नादाना' म्हणून थांबलेले मी कितीदा पाहिले आहेत. न दिलेलं घेणार नाही, ही प्रतिज्ञा अर्ध्यावर धरून ती दोघं उभी, आणि डोक्यावरून विमान चाललेलं. भांडणंसुद्धा थांबायची. आमच्या शेजारची शांताआत्या नळावर रोज कुणाशी ना कुणाशी भांडायची. एकदा तिची पाण्याची गुंडी कोणी तरी रांगेतून मागे सरकवली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुह्या सात," आणि विमान आलं. दोघीही पदर सावरत, वर बघत, शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. विमान गेल्यावर आत्या म्हणाली, "पिढ्यायनं कधी नळ पाह्यला होता का वं?" आणि भांडण पुढे सुरू झालं. आम्ही हसायचो. बाहेरचे पाहुणे तर पोट धरून हसायचे. आईला त्याचा अभिमान होता. आम्हाला वळण आहे, हे तिला जगाला दाखवायचं होतं, कारण जगाने आम्हाला कायम उलटंच ऐकवलं होतं.

मी अकरावीत असताना कळलं की धावपट्टी आमच्या बाजूने वाढणार. विमानं आणखी मोठी येणार, आणखी खालून जाणार, आणि त्यासाठी विहार आणि नाल्याकडची घरांची ओळ जाणार. विहार म्हणजे आईची बालवाडी. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी विहारात सभा झाली आणि रामदासपेठेतून गजभिये नावाचे वकील आले. एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. आमच्यासारख्याच वस्तीत वाढलेला माणूस, फी मागितली नाही. ते म्हणाले, कोर्टात दावा लावू, आवाजाचा त्रास सिद्ध करू आणि धावपट्टी वाढवायला मनाई मागू. पहिलं नाव कोणाचं टाकायचं यावर पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहायला लागली, तेव्हा आई उठून म्हणाली, "माह्यं टाका."

दावा सुरू झाला. विमानतळाच्या बाजूने इंग्रजीत बोलणारे मोठे वकील होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की इथे कोणाला काही त्रास नाही, हा सगळा मोबदला वाढवून घेण्याचा डाव आहे. मग कोर्टाने एक कमिशनर नेमला. त्याने वस्तीत यायचं, स्वतः पाहायचं, यंत्राने आवाज मोजायचा आणि कोर्टाला अहवाल द्यायचा. गजभिये वकिलांनी येऊन सगळ्यांना बजावलं, "नाटक नका करू. जसे रोज राह्यता तसेच राहा. खोटं काही दिसलं तं आपलीच केस जाईल."

त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण झालं. बाबा सहसा आईच्या शब्दापुढे जात नसत, पण त्या दिवशी गेले.

"तुले सांगतो, उद्या हात वर नको करू," ते म्हणाले. "होऊ दे गलका. पोरं रडली तं रडू दे. साहेबाले समजू दे काय होते ते."

"काहून? वकीलसाहेबांनं काय सांगतलं? रोज जसे राह्यतो तसे."

"तू रोज सगळ्यायले मुके करून ठेवते. त्याले काय दिसन मंग?"

"त्याले वळण दिसन," आई म्हणाली. "यायले बोलाची रीत नाही, हे गलका करणारे लोक आहेत, हेच तं म्हणत आले ना आतापर्यंत सारे? उद्या माह्या पोरायनं त्याच्यापुढं बोंबा माराव्या का?"

"तो वळण पाहाले नाही येऊन राहिला. आवाज पाहाले येऊन राहिला."

आई पोरांचे गणवेश धुवायला बसली. ज्यांच्या घरी साबण नव्हता त्यांचेही तिने आणून ठेवले होते.

सकाळी वस्ती अशी झाडली होती की कुणी जमिनीवर जेवायला बसावं. विहारासमोर सडा, पोरांच्या केसांना तेल, बायका धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यांत. शांताआत्याने पाटवडीचा रस्सा केला होता, आणि तिचा रस्सा लग्नाशिवाय कोणाच्या नशिबी नसायचा. कमिशनरसाहेब आले, मध्यम वयाचे, बोलायला गोड. बरोबर यंत्राची पेटी धरलेला एक माणूस. आईने पाणी पुढे केलं. साहेब म्हणाले, "नको नको, माझं पोट जरा ठीक नाही." रस्सा आला, तेव्हाही पोट ठीक नव्हतं. आमच्या दारात आल्यावर ज्यांचं पोट बिघडतं अशी माणसं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. हे दुखणं वस्तीतल्या लहान पोरालाही ओळखता येत होतं. यंत्रवाला मात्र मागच्या ओट्यावर बसून दोन वाट्या जेवला आणि आत्याला जयभीम करून गेला.

साहेब विहारात खुर्चीवर बसले. पोरं अंक म्हणत होती. घंटेने कुणकुण केली, आईचा हात वर गेला, पोरं थांबली. विमान असं खालून गेलं की खिडकीची फळी आपटली. एकाही पोराने डोळा हलवला नाही. दारातल्या बायका, नळावरची रांग, ओट्यावरचे म्हातारे, सगळे जिथल्या तिथे गप्प. हात खाली आला आणि पोरांनी पुढचा अंक घेतला. साहेबांचा चेहरा फुलला. ते म्हणाले, "वा बाई, फारच शिस्तीची मुलं आहेत तुमची. शहरातल्या शाळांत नाही असं पाहायला मिळत." आई लाजली. तिने पदर नीट केला आणि पोरांकडे पाहिलं. तिच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद होता तो आठवला की माझ्या कानशिलात अजून ठणकतं. राग आईचा नाही. तिच्या आयुष्यात बाहेरच्या एका शिकलेल्या माणसाने तिला पहिल्यांदा शाबासकी दिली होती, आणि त्या माणसाला आपण काय पाहतो आहोत हे कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. बाबा दारात उभे होते. ते सायकल घेऊन वाडीला निघून गेले.

अहवाल कोर्टात वाचला गेला त्या दिवशी मी आईबरोबर गेले होते. इंग्रजी मला तिच्यापेक्षा जास्त कळायचं, म्हणून तिला आधी माझ्या चेहऱ्यावरून कळलं. मग मधल्या सुटीत गजभिये वकिलांनी व्हरांड्यात तिला मराठीत सांगितलं. मुलं शांतपणे शिकत होती. विमान जाताना कोणी कान झाकले नाहीत, कोणी दचकलं नाही. रहिवाशांना या आवाजाची पूर्ण सवय झालेली दिसते. यंत्राने मोजलेल्या आवाजाची सरासरी काढली असता तो फारसा आक्षेपार्ह वाटत नाही. सरासरी! एखाद्याला समोर बसवायचं, मधूनमधून त्याच्या कानफटात मारायची, आणि मग मधल्या वेळेसकट हिशोब करून सांगायचं की मार सौम्य होता. मी भूगोलाच्या वर्गात वर्षानुवर्षं पावसाची सरासरी शिकवली, आणि दर वेळी तो शब्द उच्चारताना दात आवळले आहेत.

आई म्हणाली, "पण आमी तं थांबलो होतो."

"तुमी थांबल्या हे दिसलं त्यायले, ताई," वकील म्हणाले. "काहून थांबल्या, हे नाही दिसलं." त्यांना कदाचित आपलंच वाक्य आठवत असेल, जसे रोज राहता तसेच राहा. कोर्टाने मनाई द्यायला नकार दिला.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर बाबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी बालवाडीत घंटेने कुणकुण केली, पोरांनी सवयीने आईच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवरच होता. "एकतीस," आई ओरडली. "बत्तीस." पोरं गोंधळली, दोघं रडायला लागली. आई ओरडतच राहिली, तिच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि तिचं तोंड हलताना दिसत होतं पण मला दारातून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्या दिवसापासून तिने हात वर केला नाही. वंदनेत, नळावर, चुलीपुढे, ती विमानावरून बोलत राहायची. चार दिवसांत तिचा घसा फाटला. बाबा ज्येष्ठमध आणून तिच्या उशाशी ठेवायचे. मला तेव्हा अभ्यास होता आणि तिचं ते ओरडणं असह्य व्हायचं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, सुशीलाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग उरली जमीन घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढची सुनावणी. कायद्याप्रमाणे हरकती ऐकून घ्याव्या लागतात म्हणून तो अधिकारी एके दुपारी विहारातच येऊन बसला. टेबल, पाण्याचा ग्लास, बाजूला लिहिणारा कारकून. घाईत होता. "एकेकाने बोला, थोडक्यात बोला," तो म्हणाला आणि पहिलं नाव पुकारलं. आई उठून टेबलापुढे उभी राहिली. आणि गप्प राहिली.

"बोला ना बाई."

आई त्याच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. "हरकत नाही असं लिहू का?" त्याने विचारलं. तरी ती गप्प. कोणाला काही कळेना. मला वाटलं, बायका म्हणतात ते खरंच असावं. मग ग्लासातलं पाणी थरथरलं, घंटेने कुणकुण केली, आणि आईने तोंड उघडलं. ओरडली नाही. पोरांना समजावून सांगते तशा आवाजात, हातवारे करत, आजोबांच्या कुडाच्या घराकडे बोट दाखवत, ती सगळं सांगायला लागली. विमान डोक्यावर आलं, खिडकीची फळी आपटली, आई बोलतच होती. अधिकारी पुढे झुकला, कानामागे हात धरला, आणि शेवटी त्याने आपला उजवा तळहात वर केला. अगदी तिच्यासारखा. थांबा. आई थांबली नाही. विमान गेलं त्याच क्षणी तिचंही बोलणं संपलं.

"काय म्हणालात? मला काहीच ऐकू आलं नाही," तो चिडून म्हणाला.

"तेच सांगून राहिली होती, साहेब," आई म्हणाली आणि खाली येऊन बसली.

तिने कोणालाही आधी सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. पण मग शांताआत्याचं नाव आलं. जन्मात विमानाखेरीज कशानेही बोलायची न थांबलेली आत्या टेबलापुढे जाऊन तोंड मिटून उभी राहिली, आणि पुढच्या विमानाला बोलली. तिच्यानंतर बाबा गेले. ते वाडीचा एखादा किस्सा सांगावा तसे निवांत बोलले, आणि काय बोलले ते मला कधीच कळलं नाही, त्यांनी पुढेही सांगितलं नाही. मग सगळी वस्ती. दोन विमानांच्या मध्ये विहारात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. अधिकारी घाम पुसत होता, मधे उठून बाहेर गेला, पुन्हा आला. संध्याकाळ झाली तेव्हा कारकुनाने हळूच विचारलं, "साहेब, काय लिहू?" साहेब म्हणाला, "हरकतदार हजर होते, असं लिहा."

तेवढंच लिहिलं गेलं. विहार गेला, घरांची ओळ गेली, आणि ज्यांनी पाडलं त्यांना त्या जागेवर कोणी काय प्रतिज्ञा घेत होतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. घंटा तेवढी बाबांनी काढून आणली, ती आता माझ्या घरी आहे आणि वाजत नाही. आम्हाला गावाबाहेर प्लॉट मिळाले, जिथे विमानच काय, बससुद्धा दिवसभर येत नव्हती. त्या शांत जागी आई पुढे बरीच वर्षं जगली, पण तिचा आवाज कधी खाली आला नाही. मीठ मागायचं तरी ओरडून, नातवाला जवळ घ्यायचं तरी ओरडून. नवे शेजारी मला दारात थांबवून काळजीने सांगायचे की तुमच्या आईला ऐकू येत नाही, एकदा कान तपासून घ्या. तिला सगळं ऐकू यायचं.